उशिराचे कारण

सर्जेराव खराड्यांनी एस.टी.त एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची अठरा मिरजेच्या स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीत. गाडी आली की नोंदवहीत वेळ लिहायची, गाडी सुटली की वेळ लिहायची आणि मधल्या वेळात भोंग्यावरून पुकारायचं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. तपासणीला साहेब आले की इतरांना सर्जेरावांची वही दाखवत आणि म्हणत, वही असावी तर अशी. त्या वहीत शेवटी 'उशिराचे कारण' असा एक रकाना असे. अठरा वर्षांत तो रकाना कोराच राहिला.

याचा अर्थ मिरजेला गाड्या वेळेवर येत असत असा कुणी काढू नये. सर्जेराव वेळ लिहायचे ती वेळापत्रकात बघून. जतची गाडी नऊ-पन्नासची ना, मग ती नऊ-पन्नासला आली. प्रत्यक्षात ती साडेदहाला रखडत आली असेल तर तो गाडीचा दोष, वहीला त्याचा डाग कशाला? यात त्यांना लबाडी वाटत नसे. वेळ ठरलेली असते आणि ठरलेली वेळ हीच खरी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

२०३८ साली ते निवृत्त झाले आणि बायकोच्या खानावळीत गल्ल्यावर येऊन बसले. खानावळ वैजयंताबाईंची. दवाखान्यांच्या रस्त्याला लागून मागच्या बोळात पाच टेबलं. जत, अथणी, विटा, कवठेमहांकाळ, कुठून कुठून पेशंट घेऊन आलेली माणसं दुपारी तिथं जेवायला येत. ज्वारीची भाकरी, एखादी उसळ, खर्डा आणि लसणाची खमंग फोडणी दिलेली आमटी. त्या आमटीसाठी डिस्चार्ज मिळालेली माणसंसुद्धा एक वेळ मुक्काम वाढवत. आणि ही आमटी वैजयंताबाई कधी चाखून बघत नसत. मीठ त्यांना वासावरून कळे. "चव घेऊन मीठ घालणारी बाई सुगरण कसली?" असं त्या म्हणत. त्यांच्या आईनं जन्मभर देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक केला होता आणि नैवेद्य काही कुणी चाखून बघत नाही. ते नाक लेकीकडे आलं होतं.

अशा या बाईला अकरा वर्षं मधुमेह होता. दिवसाला चार सुया. आधी पायांची आग झाली, मग डावा डोळा अधू झाला. डोळ्याच्या पडद्यातल्या नसा झिरपतायत, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. जेवणानंतर साखर अशीच उसळत राहिली तर तीन-चार वर्षांत दोन्ही डोळे जातील, हेही सांगितलं. त्या दिवशी सर्जेराव घरी येऊन न जेवता पडून राहिले. त्यांचा बायकोवर जीव होता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं जे घडलं ते जीव नसल्यामुळं घडलं असं कुणालाही वाटेल.

मग मिरजेतल्याच एका संशोधन संस्थेनं नव्या उपचारासाठी माणसं घ्यायला सुरुवात केली. उपचाराचं नाव अग्रदूत. पोटाच्या कातडीखाली बसवायची पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पिशवी. सगळे तिला पुडीच म्हणत. डॉ. तस्नीम मुजावर या संशोधनातल्या तरुण डॉक्टर. आजोबांच्या आजारपणात त्या स्वतः या खानावळीत जेवल्या होत्या. त्यांनीच वैजयंताबाईंचं नाव घातलं.

ही पुडी करायची काय, ते जरा समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. आपल्या स्वादुपिंडात बीटा पेशी असतात. रक्तात साखर किती आहे हे त्या चाखून बघत नाहीत, जाळून बघतात. साखर आत आली की पेशीच्या भट्टीत ती जळते. जितकी साखर, तितकी ऊर्जा. ऊर्जा वाढली की पेशीची काही दारं मिटतात, दुसरी काही उघडतात आणि आत भरून ठेवलेल्या इन्शुलिनच्या इवल्या थैल्या रक्तात रिकाम्या होतात. म्हणजे चयापचय हेच तिचं मोजमाप. मधुमेहात हे मोजमाप मंदावतं. साखर दारात येऊन उभी राहते आणि इन्शुलिन मागाहून धावतपळत येतं.

पण निरोगी शरीराला आणखी एक जुनी युक्ती ठाऊक असते. जेवणाचा वास आला, ताट दिसलं, की मेंदू पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवरून निरोप धाडतो आणि घास गिळायच्या आधीच थोडं इन्शुलिन सुटतं. पाहुणे यायच्या आधी चहाचं आधण ठेवावं, तसं. पुडीत वैजयंताबाईंच्याच कातडीच्या पेशींपासून वाढवलेल्या बीटा पेशी होत्या. पण त्यांचं इन्शुलिन पिशवीच्या भिंतीतून झिरपून रक्तात पोचायला वीस मिनिटं लागत. तो उशीर भरून काढायला शास्त्रज्ञांनी मज्जातंतूचा निरोप मोठा करून पुडीला ऐकवायची सोय केली होती. किती इन्शुलिन आगाऊ सोडायचं हे पुडी रोजच्या अनुभवानं शिकायची. साखर ती स्वतः बघायची. जेवणाची वेळ मात्र घरच्या माणसानं फोनवर नोंदवायची.

घरचं माणूस म्हणजे सर्जेराव. "नोंदीचं काम? आवो डॉक्टर, अठरा वर्षं त्येच केलंय की मी," असं म्हणून त्यांनी फोन ताब्यात घेतला.

सुया बंद झाल्या. दोन महिन्यांत पायांची आग थांबली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघितला आणि पहिल्यांदाच हसले. वैजयंताबाईंनी त्या आठवड्यात सुईत दोरा स्वतः ओवला आणि न फाटलेली बाजाराची पिशवीही उगाचच शिवून टाकली.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी पाऊणच्या सुमाराला त्या आमटीचा डाव हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. अंगाला दरदरून घाम. "मालन, ही कुणाची भाकरी?" असं त्यांनी मदतीला असलेल्या मालनला तीनदा विचारलं. साखर बावन्नवर आली होती. गुळाचा खडा चघळायला दिला, पाणी पाजलं, आणि दहा मिनिटांत बाई पुन्हा भाकऱ्या थापायला लागल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं आणि या वेळी त्या तव्यावर कलंडल्या. मालननं मागं ओढलं म्हणून तोंड वाचलं, पण कोपरापर्यंत हात भाजला.

संस्थेच्या समितीनं कागद पाठवला. साखर तिसऱ्यांदा पंचावन्नच्या खाली गेली तर पुडी काढावी लागेल. एक महिन्यानं पुन्हा बैठक होईल, तोवर कारण शोधा. पुडी काढली की पुन्हा चार सुया आणि पुन्हा डोळा. पुडी ठेवली आणि बाई फोडणीच्या कढईवर पडली तर?

डॉ. तस्नीम आलेख घेऊन खानावळीत आल्या. कपाळाला आठ्या होत्या.

"काका, काकूंचं जेवण वेळेवर होतं ना?"

"घड्याळ लावून घ्या," सर्जेराव म्हणाले. "ह्ये बघा. एक वाजता. एक वाजता. एक वाजता. तीन म्हयने एक मिन्ट इकडं-तिकडं न्हाई."

"तेच तर. एकला जेवतात तर साखर साडेतीनला का वाढते?"

"पचन मंद आसंल," सर्जेरावांनी निदान केलं.

डॉक्टरांनी आत वाकून विचारलं, "काकू, जेवण एकलाच होतं ना तुमचं?"

"व्हय की. एकला आमची जेवणं हुत्यात," वैजयंताबाई आतून म्हणाल्या. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती आणि हे त्यांना खोटं वाटलंही नाही.

तस्नीमनी आलेख गुंडाळले आणि म्हणाल्या, "उद्या मी इथं बसते. दिवसभर."

दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या. बाराला आमटीला फोडणी पडली आणि लसणाच्या वासानं बोळ भरून गेला. लॅपटॉपवरची निळी रेघ सरळ वर चढली: पुडी आगाऊ इन्शुलिन सोडत होती. गिऱ्हाईक यायला लागलं. एकला वैजयंताबाईंनी नवऱ्याचं पान वाढलं. सर्जेराव पोटभर जेवले, हात धुतला, फोनवर 'जेवण १.००' असं नोंदवलं आणि लगेच माळ्यावर जाऊन आडवे झाले. पोळलेल्या हाताला फडकं गुंडाळून वैजयंताबाई वाढत राहिल्या. दीडला त्यांचा चेहरा उतरला तेव्हा तस्नीमनी त्यांच्या हातावर गूळ ठेवला.

शेवटचं गिऱ्हाईक गेलं तेव्हा तीन-वीस झाले होते. मालन डबा घेऊन घरी गेली. तस्नीम माळ्याचा जिना चढल्या आणि त्यांनी सर्जेरावांना हलवून उठवलं.

"काका, खाली या. बोलू नका, नुसतं बघा."

सर्जेराव डोळे चोळत जिन्यात येऊन उभे राहिले. खाली वैजयंताबाई पाण्याच्या पिंपाशेजारी पाटावर बसल्या होत्या. समोर ताट नव्हतं. आमटीचं रिकामं पातेलंच त्यांनी पुढ्यात ओढलं होतं आणि सकाळच्या पहिल्या, करपलेल्या भाकरीच्या तुकड्यानं त्या त्याचा तळ पुसून खात होत्या. घाईनं, पाठ दाराकडे करून. चार मिनिटांत जेवण उरकलं. मग त्या पातेलं घासायला लागल्या.

"ही रोज आशी जेवती?" सर्जेरावांनी हळू विचारलं.

"मला काय विचारता, काका?"

त्यांनी आठवून बघितलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. बायको आजारी कधी पडली, तिला कुठली साडी आवडते, तिच्या माहेरच्या म्हशीचं नाव काय, सगळं त्यांना ठाऊक होतं. ती जेवते कधी, हे ठाऊक नव्हतं. ते स्टँडवरून जेवणाच्या सुट्टीत घरी येत तेव्हा पान तयार असे. त्यांचं जेवण झालं की घरातलं जेवण झालं, असं धरून ते चालले होते. वेळ एकची ठरलेली, तर एकला झालं.

तस्नीमनी दोघांना समोर बसवलं आणि उलगडून सांगितलं. फोडणीचा वास येतो, पुडीला निरोप जातो, ती इन्शुलिन सोडते. त्यात काकूंचं नाक असं की हा निरोप दुसऱ्या कुणाहीपेक्षा मोठा. पण घास काही येत नाही, म्हणून साखर पडते. पुढं साडेतीनला जेवण येतं तेव्हा इन्शुलिन संपलेलं असतं, म्हणून साखर उसळते. नोंदीत जेवण एकचं. तेव्हा पुडी समजली की ही उसळी त्याच जेवणाची, आपलंच आगाऊ इन्शुलिन कमी पडलं. म्हणून ती रोज थोडं थोडं वाढवत गेली.

"म्हंजे माझ्या नोंदीनं," सर्जेराव म्हणाले. त्यांनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आमचंही चुकलंच, काका. ज्यांच्यावर आम्ही हे पहिल्यांदा बसवून बघितलं ते सगळे वास आला की पाच मिनिटांत पानावर बसणारे होते. त्यांना कुणीतरी वाढत होतं. वाढणाऱ्यांना आम्ही विचारलंच नाही." तस्नीमनी लॅपटॉप मिटला. "आता दोन रस्ते आहेत. एक, खऱ्या वेळा नोंदवायच्या. महिन्याभरात पुडी शिकेल की हा वास काकूंच्या जेवणाचा नाही, तो दुसऱ्यांसाठी आहे. मग ती फोडणीला गप्प बसेल. साखर पडणार नाही. पण आगाऊ इन्शुलिनही मिळणार नाही. जेवणानंतर साखर उसळेल, आणि डोळ्यांचं मग पुन्हा तेच."

"आणि दुसरा?"

"वास आला की काकूंनी जेवायचं. बाराला. सगळ्यांच्या आधी."

वैजयंताबाईंनी पदरानं हात पुसले. "मग पयलंच करा," त्या अगदी सहज म्हणाल्या. "शिकवा की तिला तसं. खोटं काय हाय त्यात? वास गिऱ्हाइकाचाच हाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. तेच सर्जेरावांना सोसवेना.

संध्याकाळी लसूण सोलताना त्यांनी विषय काढला. "तू मला कधी सांगिटलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

"उद्यापास्नं बाराला जेवायचं तू."

"आणि भाकऱ्या कोण थापणार? तुमी?" वैजयंताबाई हसल्या. "आवो, दवाखान्यातनं आल्याली माणसं ती. कुणाचं लेकरू आत पडल्यालं आसतंय, कुणाची आई. त्यांच्या म्होरं बसून मी घास घिऊ? गळ्याखाली उतरंल व्हय?"

दुसऱ्या दिवशी बाराला सर्जेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पान वाढलं. भाकरी वाकडी ठेवली, मीठ विसरले, आमटी ताटभर पसरली. वैजयंताबाईंनी उभ्यानंच दोन घास घेतले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी "आमटी वाढा ओ" म्हणालं आणि त्या गेल्या त्या गेल्याच. ताट ओट्यावर निवून गेलं. सर्जेरावांचा अंगठा सवयीनं फोनवर गेला. वेळ तर बाराची ठरली होती. 'जेवण १२.००' असं टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? ते बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसले. मग त्यांनी लिहिलं, 'जेवली नाही.' एवढ्या वर्षांच्या नोंदींत ती त्यांची पहिली खरी नोंद. पाऊण वाजता साखर एकसष्ट झाली, गूळ द्यावा लागला, आणि त्यांना ते गल्ल्यावरून नुसतं बघत बसावं लागलं.

तिसऱ्या दिवशी फोडणी पडली आणि सर्जेराव उठले. त्यांनी खानावळीचं शटर अर्ध्यावर ओढलं. बाहेर पंधरा-वीस माणसं ताटकळत होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का ओ मालक? बंद हाय काय?"

सर्जेराव पायरीवर उभे राहिले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि स्टँडवरचा तो ठेवणीतला आवाज पाच वर्षांनी पुन्हा काढला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! खराडे खानावळीची बारा वाजता सुटणारी जेवणाची गाडी आज वीस मिनिटे उशिरा सुटेल! कारण..."

इथं त्यांचा आवाज अडला. उशिराचं कारण पुकारायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

"कारण, मालकीण जेवायला बसत आहेत. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!"

बोळात हशा पिकला. सकाळपासून अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर बसलेली माणसंही त्यात हसली. म्हातारा पायरीवर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "जेवू द्या की निवांत. आमाला कुठं गाडी गाठायचीया? आमचं माणूस आज काय सोडत न्हाईत."

आत वैजयंताबाई शरमेनं लाल झाल्या होत्या. "काय मेलं ह्ये! चारचौघांत माझं नाव पुकारतासा?"

"बस," सर्जेराव म्हणाले. त्यांनी टेबल पुसलं, खुर्ची ओढली, तव्यावरची फुगलेली भाकरी बोटं पोळवून घेत ताटात ठेवली आणि वर आमटीची वाटी. "वैजू, तुझी पाठ बघून आलोय मी जिन्यातनं. पुन्यांदा न्हाई बघवायचं. बस."

त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं बघून बाई बसल्या. भाकरीचा पापुद्रा मोडला, वाफ तोंडावर आली. आमटीत बुडवून त्यांनी घास घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"काय झालं? मीठ चुकलं?" सर्जेराव घाबरून म्हणाले.

बाईंनी मान हलवली. दुसरा घास घेतला. वाटी उचलून तोंडाला लावली.

"आवो," त्या म्हणाल्या, "चांगली करती की मी आमटी!"

तेवीस वर्षं खानावळ चालवलेली बाई हे इतक्या नवलानं म्हणाली की सर्जेराव हसायला लागले आणि हसता हसता रडले. एवढ्या वर्षांत बाईंनी स्वतःची आमटी गरम कधी खाल्लीच नव्हती.

त्या दुपारी साखर एकदाही खाली आली नाही आणि वरही उसळली नाही. महिन्याभरानं समितीची बैठक झाली. पुडी राहिली. तस्नीमनी संस्थेकडून उपचार घेणाऱ्या इतर बायकांना एकेक करून फोन केले. नोंदीत एक वाजता जेवलेल्या त्यातल्या सदतीस जणी खरं तर तीननंतर जेवत होत्या. नोंदीच्या अर्जावर पूर्वी 'जेवण किती वाजता झाले?' असा प्रश्न असे. आता तिथं 'तुम्ही स्वतः किती वाजता जेवायला बसलात?' असं छापलं आहे आणि त्याखाली 'कोणी पाहिले?' असाही एक रकाना आहे.

सर्जेरावांना मात्र फोनवर नोंद करून समाधान होईना. त्यांनी गिऱ्हाइकांची वेळ बारा-वीसची ठरवली, बाजारातून स्टँडवर असते तशीच लांबट वही आणली, रूळ घेऊन रकाने आखले. तिच्यातल्या वेळा आता वेड्यावाकड्या आहेत. बारा-चार, बारा-सात, बारा-अकरा. साहेबांना दाखवण्यासारखी वही राहिली नाही. पण तिच्यातला शेवटचा रकाना कोरा नाही. मोत्यासारख्या अक्षरात तिथं काही ना काही लिहिलेलं असतं. परवाच्या मंगळवारची नोंद अशी:

'जेवणास बसली १२.०६. उठली १२.३१. गिऱ्हाइकाला उशीर अकरा मिनिटे. उशिराचे कारण: मालकिणीने आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.'